रेडीच्या शेजारचा कौल

कोकणातल्या माणसाला कौल म्हणजे काय, हे सांगायला नको. ग्रामदेवतेसमोर प्रसाद लावायचा, मनातला प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि उजवे-डावे पाहून उत्तर समजून घ्यायचे, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण जुनी जाणती माणसे या बाबतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळतात. देवापुढे एका वेळी एकच प्रश्न घालायचा आणि तो स्वच्छ घालायचा. "मुलाचे लग्न यंदा करू काय आणि बागेत विहीर खणू काय?" असा दुहेरी प्रश्न घातला आणि प्रसाद उजवा पडला, तर देवाने होकार दिला तो लग्नाला की विहिरीला, हे कोणी सांगावे?

लोकशाहीत लोकांचाही कौल घेतात. त्याला आपण निवडणूक म्हणतो. निवडणुकीचा निकाल लागला की कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या ते आकडे घरोघर पोचतात आणि लोकांनी अमुक गोष्ट मान्य केली, तमुक नाकारली, असे जो तो सांगू लागतो. परंतु त्या निवडणुकीत लोकांना नेमका प्रश्न कोणता विचारला होता, याची चौकशी फार थोडे करतात. ही चौकशी का करावी, हे समजावून देणारी एक हकिगत आपल्या अगदी शेजारी घडलेली आहे. ती गोव्याच्या पहिल्या दोन विधानसभा निवडणुकांची आणि त्यांच्यामध्ये झालेल्या जनमत कौलाची हकिगत आहे. रेडीच्या वेशीवरून ती जितकी चांगली दिसते, तितकी मुंबईहून किंवा दिल्लीहून दिसत नाही.

रेडी हे वेंगुर्ले तालुक्याचे दक्षिण टोक. गोव्याची हद्द तेरेखोल नदीने आखलेली आहे असे पुष्कळांना वाटते. नकाशावर नीट पाहाल, तर निराळेच दिसेल. तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे लहानसे गाव नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे रेडीच्याच बाजूला आहे आणि तरीही ते गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडते. तेरेखोलच्या माणसाला आपल्या तालुक्याच्या गावी जायचे, तर नदी ओलांडून केरीला उतरावे लागते. रेडीला मात्र तो पायी येतो. एकाच डोंगराची उतरण, एकच वारा, एकच मासळी. पण राज्ये दोन!

हे असे का झाले? किल्ला बांधला सावंतवाडीच्या खेमसावंत भोसल्यांनी. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. पुढे १७८८ साली पेडणे महालही सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. इकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेडी इंग्रजांच्या हाती आली. म्हणजे ही सीमा नदीने घातली नाही, डोंगरानेही नाही आणि भाषेने तर नाहीच. ती लढायांनी आणि तहांनी घातली. त्याआधी हजार-बाराशे वर्षे मागे गेलात, तर बदामीच्या चालुक्यांच्या काळातले रेवतीद्वीप म्हणजे हेच रेडी असे अनेक इतिहासकार मानतात. आणि तिथल्या अधिकाऱ्याचा ताम्रपट गोव्यात सापडलेला आहे. तेव्हा दोन्ही बाजू एकाच कारभाराखाली होत्या.

१९४७ साली रेडी स्वतंत्र झाली. तेरेखोल झाले नाही. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा चढवला आणि त्याबद्दल तुरुंगवास सोसला. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली. रेडीच्या वेशीवरचा परका शिपाई गेला. मग साहजिकच प्रश्न निघाला की, परका गेला, तर त्याने घातलेली रेघ तरी कशाला ठेवायची? महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी नुकतेच झाले होते. एका भाषेचे एक राज्य, हा विचार माणसांच्या मनात ताजा होता. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, ही मागणी अशी पुढे आली.

गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला होता. त्याला ३० जागांची विधानसभा मिळाली. त्यांपैकी २८ गोव्याच्या, १ दमणची आणि १ दीवची. निवडणूक झाली ९ डिसेंबर १९६३ रोजी. त्या दिवसाचे महत्त्व थोडे ध्यानात घ्या. गोव्यातल्या साध्या कुळाला, रेंदेराला, खाणीवरच्या मजुराला आपले सरकार निवडण्यासाठी मत देण्याचा अधिकार प्रथमच मिळत होता.

तीन पक्ष मुख्य होते. पहिला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो. निशाणी सिंह, पुढारी दयानंद बांदोडकर. हे गृहस्थ मूळ पेडण्याचे आणि धंद्याने खाणमालक. पक्षाचे पहिले मागणे होते विलीनीकरण. दुसरा युनायटेड गोवन्स पक्ष. निशाणी हात, पुढारी डॉ. जॅक सिक्वेरा. त्यांचे म्हणणे असे की गोव्याने आपले वेगळेपण राखावे. तिसरा काँग्रेस पक्ष, ज्याच्या केंद्र सरकारने गोवा मुक्त केला होता. काँग्रेसच येणार, असे बाहेरच्या अनेकांनी गृहीत धरले होते.

निकाल लागला तो असा. मगो पक्ष आणि त्याचे मित्र मिळून १६, युनायटेड गोवन्स १२, काँग्रेस १, अपक्ष १. काँग्रेसची ती एकुलती एक जागा दमणची होती. खुद्द गोव्यातल्या २८ जागांत तिला भोपळा मिळाला! त्याच वेळी लोकसभेच्या दोन जागांसाठीही मतदान झाले. त्यांपैकी एका जागेवर पीटर आल्वारिस आणि दुसऱ्या जागेवर मुकुंद शिंक्रे असे विलीनीकरणाच्या बाजूचे उमेदवार निवडून आले. २० डिसेंबर १९६३ रोजी बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

आता हा कौल कशाचा होता? मगो पक्षाने सांगितले की लोकांनी विलीनीकरणाला होकार दिला आहे, आता उशीर कशाला? जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेनेही तसाच ठराव केला. दोन्ही सभागृहांचा ठराव झाल्यावर बाकी काय उरले, असे रेडी-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला वाटले, तर त्यात नवल नव्हते.

विरोधकांचे म्हणणे निराळे होते. ते म्हणत, लोकांनी मगो पक्षाला मते दिली ती अनेक कारणांनी. शेकडो वर्षे जमीनदार, भाटकार आणि सावकार यांच्या हाताखाली राहिलेल्या बहुजन समाजाला हा पक्ष प्रथमच आपला वाटला. राबणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळावा, मुलांना गावात शाळा मिळावी, ही आशा त्या मतांत होती. आणि ती आशा फुकट गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६४ साली गोव्यात कूळकायदा झाला आणि बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तेव्हा सिंहावर शिक्का मारणाऱ्या प्रत्येकाने महाराष्ट्रात जायला होकार दिला, असे कसे म्हणता येईल? विहीर आणि लग्न एकाच प्रश्नात घातले गेले होते, असा हा आक्षेप होता.

वाद दिल्लीपर्यंत गेला. गोव्यातले काँग्रेसचे पुढारी पुरुषोत्तम काकोडकर यांनी लोकांना थेट विचारावे यासाठी पुष्कळ खटपट केली. पंडित नेहरू १९६४ च्या मे महिन्यात गेले, लालबहादूर शास्त्री १९६६ च्या जानेवारीत गेले. निर्णय पुढे पुढे जात राहिला. शेवटी इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. सत्तेवरचा पक्ष कौलात ढवळाढवळ करील, ही शंका नको म्हणून बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपतींची राजवट आली. स्वतंत्र भारतात एका प्रदेशाने दुसऱ्या राज्यात मिसळावे की नाही, हे ठरविण्यासाठी झालेला असा कौल हा एकच.

प्रश्न या वेळी अगदी स्वच्छ होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे? लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी चित्रे ठरली. विलीनीकरणाला फूल आणि वेगळे राहण्याला दोन पाने. स्वतंत्र घटक राज्य हवे काय, हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. उत्तरे दोनच होती आणि त्यांतले एक निवडायचे होते.

प्रचार कसा झाला असेल याची कल्पना करा. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने, तर 'राष्ट्रमत' हे दुसरे मराठी दैनिक विरुद्ध. म्हणजे मराठी राज्यात जाऊ नका, हेही लोकांना मराठीतूनच सांगितले जात होते! चंद्रकांत केणी, उदय भेंब्रे, रवींद्र केळेकर ही विरोधातली मंडळी कोकणीच्या अभिमानाची होती. तेव्हा हा वाद निव्वळ हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यातला होता, असे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे. जात, धर्म, भाषा, जमीन, नोकरी यांचे धागे त्यात एकमेकांत गुंतलेले होते.

विरोधकांच्या भात्यातला एक बाण हिशेबाचा होता. तो हिशेब तुम्हीही करून पाहा. त्या वेळी महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि विधानसभेच्या जागा २६४, म्हणजे सुमारे दीड लाख माणसांमागे एक आमदार. गोव्याची वस्ती होती सुमारे ६ लाख. याच मापाने मुंबईच्या विधानसभेत गोव्याचे आमदार किती होतील? चार! आपल्या विधानसभेत २८, आणि तिकडे चार. पणजीच्या मंत्र्याला भेटायला फेरीने आणि मोटारीने अर्ध्या दिवसात जाता येते; मुंबईच्या मंत्र्याला गाठायचे कसे? उलट विलीनीकरणवाले विचारीत की, एवढासा मुलूख एकटा किती दिवस टिकेल? भाषा एक, देव एक, सोयरीक एक, मग राज्य दोन कशाला? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच कौल अवघड होता.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. गोव्यात ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मते दिली. म्हणजे शंभरातले ८१ हून अधिक मतदार केंद्रावर आले. दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. गोवा महाराष्ट्रात आला नाही. रेडीच्या वेशीवरची रेघ जिथे होती तिथेच राहिली. फक्त आता ती कुणा परक्याने घातलेली नव्हती, तर तिथल्याच माणसांनी मत देऊन राखलेली होती.

गोष्ट इथे संपली असती, तर सगळे म्हणाले असते की मगो पक्षाचे दिवस भरले. पण २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे कौलानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, विधानसभेची दुसरी निवडणूक झाली. निकाल काय लागला? मगो १६, युनायटेड गोवन्स १२, अपक्ष २. ज्या पक्षाचे मुख्य मागणे लोकांनी नुकतेच फेटाळले होते, त्याच पक्षाला त्याच लोकांनी पुन्हा राज्यावर बसविले! ५ एप्रिल १९६७ रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

काही मंडळी यावर हसली. गोव्याच्या मतदाराला स्वतःचे मन ठाऊक नाही, असे म्हणाली. मला वाटते, त्याला ते फार चांगले ठाऊक होते. जानेवारीत त्याला विचारले की आमचे घर शेजारच्या घरात मिसळायचे काय? त्यातल्या पुष्कळांनी नको म्हटले. मार्चमध्ये विचारले की घरचा कारभार कोणी पाहावा? त्यांनी ज्याने शाळा काढली, कुळाला आधार दिला, त्याचे नाव सांगितले. प्रश्न दोन होते, म्हणून उत्तरेही दोन आली. कौल लावणारा जाणता असला, म्हणजे तो देवाला दोष देत नाही. आपला प्रश्न तपासून पाहतो.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते शाळेच्या फळ्यावर मांडण्यासारखे आहे. जागा मोजणे आणि मते मोजणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समजा, एका गावात तीन वाड्या आहेत, प्रत्येक वाडीत १०० मतदार आहेत आणि प्रत्येक वाडी एक पंच निवडते. पहिल्या दोन वाड्यांत सिंहाला ५५ आणि हाताला ४५ मते पडली. तिसऱ्या वाडीत सिंहाला १० आणि हाताला ९०. पंच किती आले? सिंहाचे दोन, हाताचा एक. आता सगळ्या गावाची मते एकत्र करा. सिंहाला १२० आणि हाताला १८०! पंचायत सिंहाची आणि बहुमत हाताचे. यात कोणी लबाडी केली नाही. मोजण्याची रीत बदलली, एवढेच.

गोव्यात हे अगदी एवढ्या टोकाला गेले असे नव्हे, पण रीत हीच होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांत विलीनीकरणाच्या बाजूला जोर होता, तर सासष्टीत विरोध फार मोठा आणि जवळजवळ एकमुखी. विधानसभेच्या निवडणुकीत सासष्टीचा एक मतदारसंघ काठावर जिंकला काय किंवा हजारो मतांनी जिंकला काय, जागा एकच. जनमत कौलात मात्र सबंध गोवा हा एकच मतदारसंघ धरला होता. तिथे सासष्टीचे प्रत्येक मत पुरेपूर मोजले गेले. म्हणून रेडीच्या लगतच्या पेडणे महालाचा कल एकीकडे आणि सबंध गोव्याचा निर्णय दुसरीकडे, असे झाले. पेडण्याच्या माणसाला ते जड गेले असेल. पण सगळ्यांनी मिळून ठरवायचे असे एकदा मान्य केल्यावर, आपल्या वाडीला नको असलेला निर्णयही सोसावा लागतो. ज्याच्या मनासारखे झाले नाही, त्याने तो निर्णय मानला, यातच लोकशाहीची कसोटी असते. आणि पेडण्याने ती कसोटी पार केली.

हे सारे पलीकडचे झाले. अलीकडे आपल्याकडे काय होते? महाराष्ट्राच्या बाजूलाही हाच धडा दहा वर्षे आधी मिळाला होता. १९५७ साली रेडी रत्नागिरी जिल्ह्यात आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात होती. त्या वर्षी विधानसभेच्या ३९६ जागांपैकी २३४ काँग्रेसने जिंकल्या. नुसता हा आकडा पाहिला, तर लोकांनी द्वैभाषिक राज्य मान्य केले असे वाटेल. परंतु पश्चिम महाराष्ट्रातले निकाल वेगळे काढून पाहिले, की संयुक्त महाराष्ट्र समितीने तिथे काँग्रेसची धूळधाण उडविलेली दिसते. एकूण बेरजेत जे झाकले जाते, ते फोड केल्यावर उघडे पडते. तीन वर्षांत ते राज्य दुभंगले आणि महाराष्ट्र झाला. मग १९६२ साली काय झाले? मराठी राज्य मिळाल्यावर त्याच मतदारांनी २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला दिल्या. राज्याचा प्रश्न सुटला होता. आता कारभाराचा प्रश्न होता. मात्र दक्षिण कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने, प्रजा समाजवादी पक्षाच्या बॅ. नाथ पै यांना १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही निवडणुकांत लोकसभेवर पाठविले. नाथ पै वेंगुर्ल्याचे; त्यांना मत देताना लोकांनी राज्यातला वारा पाहिला नाही, माणूस पाहिला. हाही एक कौलच, आणि त्याचाही प्रश्न वेगळा.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. मगो पक्षाने १९७२ साली १८ जागा जिंकल्या. पण विलीनीकरणाची भाषा हळूहळू मागे पडली. १९७३ च्या ऑगस्टमध्ये बांदोडकर वारले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर १९७९ पर्यंत मुख्यमंत्री होत्या. १९८० च्या निवडणुकीत मगो पक्ष ७ जागांवर आला. १ मे १९८१ रोजी इकडे रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि रेडी त्यात आली. १९८७ च्या फेब्रुवारीत गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही कायद्याने जागा ठेवली गेली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य बनले. कौलाच्या कागदावर जे तिसरे उत्तर छापलेले नव्हते, ते वीस वर्षांनी प्रत्यक्षात आले. नव्या राज्याच्या विधानसभेला ४० जागा मिळाल्या. आणि १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेस २०, मगो १८ व इतर २ असा निकाल लागला. ज्या पक्षाला लोकांनी १९६७ च्या जानेवारीत 'नको' म्हटले असे समजले जात होते, तो बावीस वर्षांनंतरही सत्तेच्या उंबरठ्यापर्यंत येत होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना या हकिगतीचा उपयोग करून पाहा. फळ्यावर तीन ओळी लिहा. डिसेंबर १९६३, जानेवारी १९६७, मार्च १९६७. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी मुलांकडून भरून घ्या. प्रश्न काय होता, मोजले काय आणि निकाल काय लागला. तिन्ही घरे भरल्यावर, गोव्याचे लोक चंचल होते काय, असे विचारा. उत्तर मुलेच देतील. मग सीमेलगतच्या शाळांनी मुलांना तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत न्यावे आणि ती रेघ कुठून जाते, ते दाखवावे. ती कोणी घातली आणि मागाहून कोणी राखली, हेही त्यांना सांगावे.

आणि मंडळी, यापुढे कधी निवडणुकीचा निकाल कानावर आला आणि कोणी छातीठोकपणे सांगू लागला की लोकांनी अमक्या गोष्टीला होकार दिला, तर त्याला घाई करू देऊ नका. पाट पुढे सरकवा, पाणी द्या आणि शांतपणे विचारा, "बाबा रे, लोकांना विचारले काय होते?"